बोलायला येता का? स्पीकर गोळा करतानाचे आठ महिने

जून २०२४, पर्वरीला धो धो पाऊस, ऑफिसच्या खालच्या गाड्यावर चहा आणि मिरची भजी, तिथे हे सगळं ठरलं. आम्ही चौघं, सगळे वेबवाले, दोघं हॉटेलांच्या बुकिंग साइट करणाऱ्या एजन्सीत, एक जण घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारा आणि मी. दर महिन्याला पणजीत दहा-बारा डेव्हलपर जमायचो, कोणीतरी लॅपटॉप उघडून काहीतरी दाखवायचं, मग पाव-भाजी खाऊन घरी. चार वर्षं असं चाललं आणि त्या दिवशी एकाने म्हटलं की आता एक मोठी कॉन्फरन्स करुया रे, एक दिवसाची, वेब प्रोग्रॅमिंगची, पण कॉलेजच्या पोरांसाठी नको, रोज पगार घेऊन कोड लिहितात त्यांच्यासाठी. सगळे हो म्हणाले. भज्यांसोबत कशालाही हो म्हणतात. हॉलचं काम एकाने घेतलं, स्पॉन्सर दुसऱ्याने, तिकीट आणि साइट तिसऱ्याने, आणि मी चहाचे पैसे द्यायला उठलो तेवढ्यात उरलेलं काम माझ्या गळ्यात घातलं, स्पीकर, म्हणजे भाषण द्यायला माणसं आणणं. मला वाटलं सगळ्यात सोपं हेच आहे. गोव्यात ये म्हटलं तर नाही कोण म्हणणार?

तर हे लिहितोय ते त्या एका वाक्यामुळे. पुढचे तीन महिने मी त्याच समजुतीवर काढले.

आधी तारीख. बाहेरच्याला गोवा म्हणजे बारा महिने सुट्टी वाटते, पण इथे तारीख शोधायला बसलं की डोकं फिरतं. जून ते सप्टेंबर पाऊस, रूम अर्ध्या भावात मिळतात पण विमान इथे उतरेल की घिरट्या घालून परत बेंगळुरूला जाईल याची खात्री नाही. मग चवथ, म्हणजे गणपती, तेव्हा हॉलमधे यायचं कोण, आम्ही स्वतःच घरी गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधत असणार. २० नोव्हेंबरपासून इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून ती गोव्यातच भरते, त्या आठवड्यात पणजीत गाडी लावायला जागा नसते. त्यात त्या वर्षी २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, शवाचं प्रदर्शन, दहा वर्षांनी एकदा येणारं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याबद्दल तर बोलायलाच नको, त्या आठवड्यातले रूमचे भाव गोव्यातला माणूस बघतसुद्धा नाही. मार्चच्या सुरवातीला कार्निव्हल. असं कापत कापत उरला फेब्रुवारी, आणि ८ फेब्रुवारी २०२५ चा शनिवार पक्का केला. हॉल १८० खुर्च्यांचा, आठ भाषणं, प्रत्येकी ३५ मिनिटं आणि १० मिनिटं प्रश्नांना.

आता मेल. माझा पहिला मेल मी जपून ठेवलाय, कधी जास्त शहाणपणा आला की काढून वाचतो. वरती मिरामारच्या सूर्यास्ताचा फोटो, आमच्या डिझायनरने मस्त केला होता, त्यावर नारळाचं झाड. खाली 'समुद्र, सूर्य आणि सॉफ्टवेअर' अशा अर्थाची एक ओळ इंग्रजीत. मग डिअर सर स्लॅश मॅडम, आम्हाला अत्यंत आनंद होतोय की, वगैरे तीन परिच्छेद, गोव्यातला टेक समुदाय कसा वाढतोय, आपल्यासारख्या दिग्गजांच्या उपस्थितीने शोभा कशी येईल. लग्नपत्रिकेतपण 'आहेर आणू नयेत' अशी एक तरी कामाची ओळ असते, यात तीपण नव्हती. समोर कोण बसणार, कशावर बोलायचं, किती वेळ, तिकीट कोण काढणार, काही नाही. असे ३४ मेल जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाठवले. सगळ्यांना तोच मेल, फक्त नाव बदलून, आणि दोघांच्या बाबतीत तेही बदलायचं राहिलं.

उत्तरं आली पाच. दोन 'सध्या बिझी आहे'. एकाने विचारलं विषय काय. एकाचं सात मिनिटांत आलं, हो येतो, सोबत फॅमिली आणली तर चालेल का. मी उड्या मारल्या, कारण हा माणूस नावाजलेला, त्याचे व्हिडिओ आम्ही दर महिन्याच्या मीटअपला दाखवायचो. त्याच्याबद्दल पुढे येतंच.

पाचवं उत्तर बेंगळुरूच्या एका बाईंचं, मोठ्या कंपनीत पेमेंटच्या टीममधे होत्या. त्यांनी सरळ लिहिलं होतं की मला यायला आवडेल, पण प्रवासाची परवानगी काढायला हा मेल मला माझ्या मॅनेजरला फॉरवर्ड करावा लागणार आणि वरती सूर्यास्त आहे, मी त्याला काय सांगू?

हे वाचून मी दहा मिनिटं तसाच बसलो. आमच्या डोक्यात गोवा म्हणजे आमिष, आणि समोरच्याच्या ऑफिसात गोवा म्हणजे संशय. तिकडे पुण्याला कॉन्फरन्सला चाललोय म्हटलं की मॅनेजर सही करतो, गोव्याला म्हटलं की हसतो. आणि असं नाही की गोव्यात कोणी कॉन्फरन्स केली नव्हती, रिॲक्ट या वेब लायब्ररीवरची रिॲक्ट इंडिया २०१९ मधे पहिल्यांदा भरली ती गोव्यातच, पण त्यांचं नाव होतं, आमचं कोणी ऐकलेलं नव्हतं. आमच्याकडे फक्त नारळाचं झाड होतं.

मग दुसरा मेल लिहिला. चार दिवस लागले, नऊ ओळी. फोटो उडवला. पहिल्या ओळीत तारीख, शहर, हॉल. दुसऱ्यात समोर कोण असेल ते: साधारण १८० लोक, तीन ते बारा वर्षं काम केलेले, निम्मे एजन्सीवाले ज्यांचे क्लायंट हॉटेलं आणि रिसॉर्ट, बाकी प्रॉडक्टवाले आणि घरून काम करणारे, त्यामुळे 'अमुक म्हणजे काय' पासून सुरू करायची गरज नाही. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि तीच प्रत्येकासाठी वेगळी लिहायची: तुम्हालाच का. म्हणजे तुमचा अमुक लेख वाचला, त्यात तुम्ही डेटाबेस हलवताना दोन वेळा परत मागे आलात असं एका वाक्यात लिहून सोडून दिलंय, ते एक वाक्य आम्हाला ३५ मिनिटांत ऐकायचंय. मग किती मिनिटं, मग पैसे, प्रवास आणि दोन रात्री राहणं आमच्याकडे, मानधन १०,००० रुपये, कमी आहे माहितीय. कोणत्या तारखेपर्यंत सांगायचं. आणि शेवटी: नाही म्हणालात तरी राग नाही, फक्त नाही असं कळवा, म्हणजे आम्ही दुसऱ्याला विचारू.

मानधनावर आमच्यात भांडण झालं होतं हे सांगतो. एकाचं म्हणणं होतं की स्पीकरला पैसे कशाला, त्याचं नाव होतं, प्रसिद्धी मिळते. मी म्हटलं की तुझ्याकडे क्लायंट येऊन म्हणाला की साइट फुकट कर, तुझं नाव होईल, तर तू त्याला काय म्हणतोस? गप्प झाला. आठ जणांचे ८०,००० होत होते. सीएला विचारलं तर म्हणाला प्रत्येकी वर्षाला ३०,००० च्या आत आहे तेव्हा टीडीएस कापायचा प्रश्न येत नाही (ही मर्यादा तेव्हाची, २०२४-२५ ची), फक्त प्रत्येकाचं पॅन आणि साधं बिल घेऊन ठेव. ते बिल मागायला मात्र जीव गेला, दोघांची बिलं एप्रिलमधे आली.

अजून एक गोष्ट त्या मेलमधे घातली आणि तिने फार फरक पडला. वेबची भाषा जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवायचं नोड नावाचं साधन बनवणारा रायन डाल, त्याने २००९ मधे बर्लिनच्या जेएसकॉन्फ या कॉन्फरन्सला नोड पहिल्यांदा लोकांसमोर मांडलं, आणि नऊ वर्षांनी २०१८ मधे बर्लिनच्याच जेएसकॉन्फला उभा राहून सांगितलं की नोडबद्दल मला या या दहा गोष्टींचा पस्तावा होतो, आणि मग डेनो हा त्याचा नवा पर्याय दाखवला. आमच्या मीटअपला तो व्हिडिओ लावला होता तेव्हा पहिल्यांदाच कोणी मधेच मोबाइल काढला नव्हता. तर मी लिहायला लागलो की आम्हाला यशोगाथा नको, तुमचं काय चुकलं आणि मग काय केलं ते पाहिजे. सीनियर माणसाला हे विचारलं की तो खुलतो. ज्याच्याकडे सांगण्यासारखी चूक नाही तो बहुतेक वेळा स्वतः काम करत नसतो, करून घेत असतो.

दुसऱ्या फेरीत ३४ नाही, फक्त १६ मेल पाठवले, प्रत्येकाला अर्धा तास देऊन. उत्तरं आली अकरा. त्यात नकारच जास्त, पण नकारपण कसे, 'मी नाही पण हिला विचारा' असे. दहा दिवसांनी एकदाच आठवण करायची, त्यानंतर नाही, हा नियम मी स्वतःला घातला. परत परत विचारून आणलेला स्पीकर उपकार केल्यासारखा येतो. (हा नियम मी पुढे एकदा मोडला, ते सांगतो.) पेमेंटवाल्या बाईंना वेगळं पत्र केलं, लेटरहेडवर, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ चा कार्यक्रम मिनिटांसकट, त्यांच्या भाषणाचा विषय, समोरच्या कंपन्या कुठल्या प्रकारच्या ते. कुठेही 'समुद्र' हा शब्द नाही. तीन दिवसांत परवानगी आली. नंतर हे पत्र आम्ही सगळ्यांनाच न मागता द्यायला लागलो, आमच्यात त्याचं नाव 'बॉसचं पत्र'.

जर्मनीतल्या एकाला बोलवायचा उद्योगही केला. तो तयार होता, पण टुरिस्ट व्हिसावर येतो म्हणाला आणि भाषणाला यायचं तर कॉन्फरन्सचा व्हिसा लागतो, त्याची कागदपत्रं जमवायची ताकद आमच्यासारख्या चौघांत नव्हती. सोडून दिलं. व्हिडिओवर बोलू का म्हणाला, ते आम्ही नको म्हटलं, माणूस समोर नसला की हॉलमधला माणूस चहाला जातो.

आठपैकी चार जागा आमंत्रणाच्या आणि चार सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या होत्या, ज्याला बोलायचंय त्याने प्रस्ताव पाठवा. सप्टेंबरच्या मध्यापासून पाच आठवडे. पहिल्या चार आठवड्यांत २३ आले, मी रोज रात्री उघडून बघायचो आणि बायको म्हणायची दुधावर साय धरली का बघतोयस की काय. शेवटच्या आठवड्यात ३८ आले, त्यातले २२ शेवटच्या रात्री, आणि एक मुदत संपल्यावर चार मिनिटांनी व्हॉट्सॅपवर. एकूण ६१. तपासताना नावं आणि कंपन्या लपवल्या, तिघं तपासणारे, एकमेकांचे गुण दिसणार नाहीत असं. नाव लपवलं की काय काय होतं ते बघण्यासारखं आहे, आमच्यातल्या एकाने स्वतःच्याच मित्राच्या प्रस्तावाला दहातले तीन दिले आणि नंतर दोन दिवस तो मित्राचा फोन उचलत नव्हता.

प्रस्तावांबद्दल थोडं कडू बोलतो. एक तृतीयांश तरी विक्री होती. विषयाच्या जागी कंपनीच्या प्रॉडक्टचं नाव, खाली सहा फायदे. मग एक ढीग ओळख करून देणाऱ्यांचा, रिॲक्ट हुक्स म्हणजे काय, हे २०२४ साली, हुक्स ही सोय फेब्रुवारी २०१९ मधे रिॲक्ट १६.८ मधे आली, समोरचा माणूस पाच वर्षं तिच्यावर पोट भरतोय. आणि एआयचे तर विचारू नका, १९ प्रस्तावांत तो शब्द पहिल्या ओळीत होता आणि त्यातल्या दोघांनीच स्वतः काही करून बघितल्यासारखं वाटलं. पण राखेतून निखारे निघतात तसे चार निघाले.

त्यातला कोल्हापूरकडच्या एकाचा मला अजून आवडतो. साखर कारखान्यासाठी ऊसतोडीच्या नोंदींचं वेब ॲप. फडात नेटवर्क नाही, नोंदी घेणाऱ्या स्लिपबॉयच्या हातात साधा फोन, नोंद फोनमधेच ठेवायची, सर्व्हिस वर्कर आणि इंडेक्स्डडीबी या नेट नसताना चालणाऱ्या ब्राउझरच्या सोयी वापरून, आणि काट्यावर आल्यावर वायफाय मिळालं की वर पाठवायची. यातली गंमत अशी की एकाच गाडीची नोंद दोघांनी दोन फोनवर केली तर खरी कुठली? त्याच्या प्रस्तावात लिहिलं होतं, 'पहिल्या हंगामात आम्ही शेवटची नोंद खरी धरली आणि शेतकरी ऑफिसात आले'. या एका ओळीवर तिघांनीही त्याला नऊ दिले. दुसरा फोंड्याचा, हॉटेलच्या बुकिंग कॅलेंडरवर, मार्च २०२४ मधे गूगलने साइट किती पटकन प्रतिसाद देते ते मोजायचं एफआयडी हे माप काढून त्या जागी आयएनपी आणलं, म्हणजे आधी पहिल्याच क्लिकला किती थांबावं लागलं एवढंच बघायचे, आता पानावर असेपर्यंतच्या सगळ्या क्लिक-टॅपचा हिशोब, २०० मिलिसेकंदांच्या आत पाहिजे. त्याच्या क्लायंटच्या साइटी एका दिवसात हिरव्याच्या लाल झाल्या, सगळं त्या तारीख निवडायच्या कॅलेंडरमुळे. आमच्या हॉलमधल्या निम्म्या लोकांचं पोट त्याच कॅलेंडरवर चालतं, त्यामुळे हा विषय म्हणजे घरचाच.

स्पॉन्सरचा एक प्रसंग सांगून टाकतो. सर्वात मोठा चेक देणाऱ्या कंपनीने नोव्हेंबरमधे कळवलं की आमचे सोल्यूशन आर्किटेक्ट सकाळच्या पहिल्या भाषणात बोलतील. विचारलं नाही, कळवलं. आमचा स्पॉन्सर बघणारा म्हणाला द्यायला पाहिजे, मी म्हटलं मग ६१ जणांची नावं लपवून आम्ही काय नाटक केलं? दोन आठवडे ओढाताण. शेवटी जेवणाआधी १५ मिनिटं, कार्यक्रमपत्रिकेवर 'प्रायोजक' असं ठळक लिहून. गंमत म्हणजे तो आर्किटेक्ट माणूस खरंच चांगला निघाला, म्हणाला मला पण असंच आवडतं, निदान मला तटस्थ असल्याचं सोंग करावं लागत नाही.

नकार कळवणं हे सगळ्यात वाईट काम. ५७ जणांना. एकच साचा पाठवला असता तर एका संध्याकाळी झालं असतं, पण पहिल्या मेलचा चटका होता, म्हणून प्रत्येकाला दोन ओळी खऱ्या लिहिल्या, काय आवडलं, काय कमी पडलं. बहुतेकांनी आभार मानले. मडगावच्या एकाने रात्री साडेअकराला फोन केला. 'गोंयकाराला तुम्ही नाही म्हणता आणि भायल्यांना (बाहेरच्यांना) विमानाने आणता?' त्याचा प्रस्ताव टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेवर होता, वाईट नव्हता, पण डॉक्युमेंटेशन वाचून दाखवल्यासारखा. मी आधी नियम सांगत बसलो, नावं लपवली होती वगैरे, आणि बोलता बोलता मलाच वाटलं की याचं पूर्ण चुकीचं नाही. बेंगळुरूच्या माणसाला प्रस्ताव लिहायची सवय असते, त्याच्या ऑफिसात दहा जण ते करतात, कोणीतरी वाचून देतं. आमच्या पोराला प्रस्ताव म्हणजे काय ते पहिल्यांदाच लिहायचं असतं. नावं लपवली म्हणून ही दरी लपत नाही. आम्ही सहा छोटी भाषणं वाढवली, पाच-पाच मिनिटांची, फक्त गोवा आणि सिंधुदुर्गातल्या लोकांसाठी, आणि डिसेंबरमधे दोन शनिवार बसून त्यांची तयारी करून घेतली. तो आला. पहिल्या शनिवारी तोंड फुगवून बसला होता, दुसऱ्या शनिवारी येताना घरून बेबिंका, आमची थरांची मिठाई, घेऊन आला.

आता नियम मोडल्याचं. आमंत्रणाच्या चारातली चौथी जागा डिसेंबर आला तरी रिकामी होती. सावंतवाडीची एक मुलगी, घरून एका पुण्याच्या कंपनीचं काम करते, मराठी फॉर्म असलेल्या साइट. मीटअपला एकदाच आली होती आणि शेवटच्या रांगेतून एक प्रश्न विचारला होता, त्या प्रश्नाने बोलणाऱ्याची दांडी उडाली होती. तिला सप्टेंबरमधे विचारलं, नाही म्हणाली. ऑक्टोबरमधे विचारलं, 'दादा, मी काय बोलणार, मी तर साधे फॉर्म करते'. तिसऱ्यांदा मेल केला नाही, गाडी काढली आणि मित्राला घेऊन पत्रादेवी, बांदा करत सावंतवाडीला गेलो. तिच्या आईने चहा आणि घावणे दिले. मी म्हटलं अगं भाषण राहू दे, तुझ्या फॉर्ममधे काय काय बिघडतं ते दाखव. तिने लॅपटॉप उघडला आणि एक फाइल काढली, तीन वर्षांच्या तक्रारी, ओळीने.

नाव २० अक्षरांत लिहा असं फॉर्ममधे आहे, पण जावास्क्रिप्टला विचारलं तर 'श्री' ची लांबी ४ आणि 'क्ष' ची ३. माणूस एक अक्षर मोजतो, मशीन श, हलन्त, र, वेलांटी असं मोजतं. त्यामुळे लांब आडनावाच्या माणसाचं नाव मधेच कापलं जायचं आणि नेमका पाय मोडलेला राहायचा. यावर जावास्क्रिप्टमधेच इंटल सेगमेंटर आहे, तो अक्षरं माणसासारखी तोडतो, पण फायरफॉक्समधे तो एप्रिल २०२४ मधे आला, तोपर्यंत तिने स्वतःचं जुगाड चालवलं होतं. पुढची तक्रार 'ॲ' ची. 'ॲड' हा शब्द कोणी अ वर चंद्र देऊन लिहितो आणि कोणी २००८ मधे युनिकोडमधे (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) आलेलं स्वतंत्र ॲ वापरतो, स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण शोधलं तर एक दुसऱ्याला सापडत नाही, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सारखी अक्षरं एका रूपात आणणं, पण त्यांना एक करत नाही. म्हणजे वकिलांच्या यादीत अर्धे ॲडव्होकेट गायब. 'दऱ्या' मधल्या ऱ्याचं तसंच, दोन तऱ्हेने टाइप होतो. आणि पानाला भाषा मराठी लिहायची राहिली की काही फॉन्टमधे ल आणि श हिंदीच्या वळणाचे दिसतात, तेव्हा एका शाळेच्या मास्तरांनी फोन करून सांगितलं होतं की तुमचा ल चुकलाय.

ती हे सगळं सांगत होती चाळीस मिनिटं, मधे थांबली नाही. माझा मित्र म्हणाला, झालं की भाषण. ती एकदम गप्प. मग म्हणाली, 'हे? हे तर सगळ्यांना माहीत असेल ना?' मी सतरा वर्षं वेबवर काम करतोय, मराठी माणूस, मला ॲ चं माहीत नव्हतं. ती हो म्हणाली, दोन अटींवर, इंग्रजीत अडकले तर मराठीत बोलेन आणि आई पहिल्या रांगेत नको.

विमानतळाचं राहिलं. गोव्यात आता दोन आहेत, दाबोळी आणि जानेवारी २०२३ पासून मोपा. तिकिटाच्या साइटवर दोन्हीच्या नावात गोवा, कोड मात्र वेगळे, दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. आम्ही स्पीकरना सांगितलं तिकीट तुमच्या सोयीने काढा, पैसे आम्ही देतो, आणि कुठला विमानतळ ते लिहिलंच नाही. आम्ही इथलेच, आम्हाला ते सांगायची गोष्ट वाटलीच नाही. ७ फेब्रुवारीला रात्री हैदराबादचा स्पीकर दाबोळीला उतरला आणि आमचा ड्रायव्हर त्याच्या नावाचा कागद धरून मोप्याला. मधे कोलवाळची शापोरा, मांडवी, जुवारी, तीन नद्या. इथे ओला-उबर नाही, ते त्या बिचाऱ्याला तिथे उभं राहिल्यावर कळलं. काउंटरवरून टॅक्सी करून साडेबाराला हॉटेलवर आला. आल्यावर ओरडला असता तर बरं वाटलं असतं, तो म्हणाला इट्स ओके, आणि मला रात्रभर झोप नाही.

दिवस चांगला गेला. १८० खुर्च्यांत १७१ लोक. सात मिनिटांत हो म्हणालेला नावाजलेला माणूस बुधवारपासून कुटुंबासकट आला होता, शुक्रवारी रात्री अकराला त्याने मला मेसेज केला की स्लाइड करतोय, तुमची थीम कुठली. ते भाषण मी त्याच्याच जुन्या व्हिडिओत बघितलं होतं, विनोदासकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, प्रश्न एकच आला, करिअरबद्दल. चूक त्याची कमी आणि माझी जास्त, मी त्याला विषय विचारलाच नव्हता, फक्त गोवा विचारला होता. ऊसवाल्याला प्रश्न संपेनात, त्याला जेवायच्या रांगेतही सोडलं नाही, ताटात सोलकढी घेऊन उभ्याउभ्या वहीत आकृत्या काढून देत होता. सावंतवाडीची मुलगी पहिली पाच मिनिटं कागदाकडे बघून इंग्रजीत बोलली, मग 'श्री' ची लांबी ४ दाखवली, हॉल हसला, आणि तिथून ती मराठी-हिंदी-इंग्रजी जे येईल ते बोलत गेली. मागच्या रांगेतल्या एका मल्याळी डेव्हलपरने उठून सांगितलं की आमच्याकडेपण असंच आहे, आणि मग दोघं स्टेजच्या खाली बसून मल्याळम अक्षरं मोजत होते. आई आली होतीच, तिसऱ्या रांगेत, खांबाच्या मागे.

या वर्षीच्या प्रस्तावांचं काम सुरू झालंय. तपासणाऱ्यांत आता सावंतवाडीची मुलगी पण आहे. नावं लपवलेलीच आहेत, पण गेल्या आठवड्यात एक प्रस्ताव उघडला आणि दुसऱ्या ओळीत मला कळलं हा मडगावचा आपला टाइपस्क्रिप्टवाला, कारण डिसेंबरच्या शनिवारी मीच त्याला सांगितलं होतं की चूक आधी लिही, उपाय मागून. यावेळी चूक आधी लिहिलीय, आणि चांगली लांबलचक चूक आहे, एका रात्रीत ४०० इनव्हॉइस दोनदा गेल्याची. मी माझे गुण न देता तो बाजूला ठेवला आणि बाकी दोघांना सांगितलं हा तुम्हीच बघा. तिने बघितलाय, गुण मला दिसत नाहीत. निकाल गुरुवारी.